बटण शून्यावर होतं

१

कानसेन ओरडला तेव्हा स्टुडिओतल्या लोकांना वाटलं, तो नेहमीसारखा कुणाची तरी खरडपट्टी काढतोय. त्यामुळे पहिल्या ओरडण्याला कुणी खुर्चीतून हललंसुद्धा नाही. दुसरं ओरडणं वेगळं होतं, कारण त्यात शिवी नव्हती. मग त्याची सहायिका धावली, तिनं ते जाडजूड दार ढकललं आणि तिच्या पाठोपाठ कानसेनचा धाकटा भाऊ आत शिरला. कानसेन टेबलाशी गुडघ्यांवर बसला होता. डावा कान त्यानं तळहातानं गच्च दाबून धरला होता. दोन्ही इअरफोन टेबलाच्या कडेवरून लोंबत होते आणि टेबलावर त्याची डबी होती, हिरवा दिवा चालू असलेली.

धाकट्यानं खांद्याला धरून त्याला उभं केलं. तोवर दारात माणसं जमली होती. कानसेननं सहायिकेकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिनं केलंय हे."

तानसेन होणं नशिबात नसेल तर निदान कानसेन व्हावं, असं म्हणतात. हा माणूस कानसेन होऊनच मोठा झाला होता. गाणं असो की सिनेमाचं ध्वनिमुद्रण, जगापुढे जाण्याआधी ते शेवटचं त्याच्या कानांखालून जायचं. तो हो म्हणाला की काम संपलं, तो नाही म्हणाला की चार माणसांची झोप उडाली. मोठी यंत्रं हाताशी असूनही शेवटचं ऐकणं तो त्या डबीवरच करायचा. काड्यापेटीहून जराशी मोठी, धातूची. संगणकातले आकडे आत घ्यायचे, त्यांचा आवाज करायचा आणि तो इअरफोनला पुरेल इतका वाढवून द्यायचा, एवढंच तिचं काम. तो तिला खिशात घेऊन हिंडे आणि दुसऱ्या कुणी हात लावला की अंगावर येई.

त्याच्या कानांचा विमा होता. अपघातानं किंवा कुणी इजा केल्यानं कान गेले तर भरपाई, आजारानं गेले तर काही नाही. म्हणून विमा कंपनीनं आपली तपासनीस पाठवली. तिच्या ऑफिसात तिला सगळे टाचणी म्हणत. अंगानं बारीक, आणि नको तिथे नेमकी टोचणारी. हे नाव तिला ठाऊक होतं आणि तिची त्याला हरकत नव्हती.

ती आधी दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, डावा कान पूर्ण गेलाय, उजवा मात्र विशीतल्या पोराला लाजवेल असा आहे. डावा कशानं गेला? ते कान सांगत नाही, असं म्हणून त्यांनी हात झटकले.

कानसेननं तिला बसायलाही सांगितलं नाही. इअरफोन घालण्याआधी आपण आवाजाचं बटण शून्यावर आणतो, ही आपली वीस वर्षांची सवय आहे आणि त्या दिवशीही तेच केलं, असं तो म्हणाला. गाणं सुरू केलं आणि कानात बॉम्ब फुटला. सवयीबद्दल साऱ्या स्टुडिओनं एकमुखानं साक्ष दिली. नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी त्यावरून सुनवायचा.

"बटण शून्यावर होतं," तो पुन्हा म्हणाला. "आता कसं झालं ते तुम्ही शोधा. त्याचाच पगार घेता ना?"

२

धाकटा भाऊ स्टुडिओचा कारभार पाहायचा. त्यानं टाचणीला कॉफी विचारली नाही, पण डबी तेवढी ताबडतोब पुढे केली. कान गेला त्याच दिवशी त्यानं ती जशीच्या तशी पाकिटात घालून चिकटवली होती आणि तिघांच्या सह्या घेतल्या होत्या. त्यांत सहायिकेचीही सही होती.

त्याची कहाणी तयार होती. डबीच्या कडेला एक बारीक खटका असतो. एरवी तो इअरफोनच्या बाजूला. डबी मोठ्या ॲम्प्लिफायरला जोडायची असेल तर तो 'लाइन आउट'वर सरकवायचा. मग आवाजाच्या बटणाला काही अर्थ उरत नाही. शून्यावर ठेवा नाहीतर शंभरावर, डबी सगळा आवाज बाहेर ओतते. रोज सकाळी टेबल लावायची सहायिका. तिनं खटका सरकवला, दादानं बिचाऱ्यानं बटण शून्यावर आणलं, पण बटण नावापुरतंच होतं.

"पाकिटात घालताना खटका कुठे होता?" टाचणीनं विचारलं.

इअरफोनकडे, तो म्हणाला. आत पहिली तीच घुसली होती, तिनंच गडबडीत परत सरकवला असणार. "मी मागोमाग होतो. खोलीत शुकशुकाट. दादा तेवढा कण्हत होता. माझं काळीज फाटलं, म्हणून माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं नाही."

आणि तिनं असं का करावं? धाकटा कडवट हसला. ती दुसऱ्या स्टुडिओत निघाली होती. जाता जाता दादाच्या कामात खोट काढत होती. गाणी म्हणे डावीकडे कलतायत, डावीकडचा आवाज जास्त येतोय. "तिला मी सांगितलं, बाई, आधी स्वतःचे कान तपासून घे. आणि तुम्हालाही सांगतो, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका."

टाचणीनं कानसेनची खोली पाहायला मागितली. भिंती जाड कापडानं मढवलेल्या, जमिनीवर दाट गालिचा. टेबलामागे त्याची खुर्ची आणि तिच्या उजव्या हाताला पाहुण्यांची खुर्ची. टाचणी खाली वाकली. पाहुण्यांच्या खुर्चीचे पाय गालिच्यात खोल रुतलेले होते. मग ती टेबलाच्या दुसऱ्या अंगाला गेली. तिथेही चार खळगे होते, पण त्यांतले धागे बरेचसे वर आलेले.

खुर्ची कधी हलवली, असं तिनं विचारलं. धाकटा दारातून म्हणाला की दादाच्या मनात आलं, त्यानं हलवली, आणि विमा कंपनी आता फर्निचरही तपासते का?

३

सहायिकेला कानसेन मुंगी म्हणायचा, कारण ती आवाज न करता राबायची. ती भाड्याच्या एका खोलीत राहत होती. दार तिनं साखळी लावूनच उघडलं. पोलिसांत तक्रार झाली होती, नव्या स्टुडिओनं 'सध्या थांबा' असं कळवलं होतं आणि घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या तरी तोंड फिरवत होत्या.

"माझ्याविरुद्ध काय मिळालं ते सांगायला आलात की आणखी शोधायला?" तिनं विचारलं.

बरंच मिळालंय, असं टाचणी स्पष्ट म्हणाली. टेबल तू लावायचीस, खटका तुला माहीत, भांडण तुझं, आत पहिली तू. मुंगीनं साखळी काढली. आत आल्यावर तिनं खुर्चीवरचे कपडे उचलले, पण बसा म्हटलं नाही.

तिचं म्हणणं थोडकं होतं. खटक्याला तिनं हात लावला नव्हता, ना आधी ना नंतर. धाकटा तिच्या खांद्याशी होता, हात लावायला वेळच नव्हता. कानसेन कण्हत होता आणि समोर संगणकाच्या पडद्यावर गाणं चालूच होतं. ते तिनं स्वतः थांबवलं, कीबोर्डवरून. धाकट्यानं ते पाहिलं होतं, त्याला विचारा.

गाणी कलत असल्याचं काय, असं टाचणीनं विचारलं. हातातल्या कपड्यांची घडी करत ती म्हणाली, "कलत होती. मी सरळ करून पाठवत होते. एकदा धाकट्यांना सांगितलं, त्याचं बक्षीस हे. त्याचा अर्थ मला जो वाटतो तो मी बोलणार नाही. पुरावा नसताना बोलले तर अब्रुनुकसानीचा दावा ठोकतील, आणि तुम्हीच त्यांच्या बाजूनं साक्ष द्याल."

"देईन, खोटं असेल तर."

"मग खरं काय ते तुम्हीच शोधा. मला तुमची दया नको."

टाचणी जिना उतरली तेव्हा तिला मुंगी मुळीच आवडलेली नव्हती. पण एक गोष्ट तिच्या डोक्यात घर करून बसली होती. गाणं चालू होतं आणि खोलीत शुकशुकाट होता.

४

कानसेनच्या बायकोनं दार उघडलं ते, "तो झोपलाय, आणि मला काही माहीत नाही," असं म्हणतच. तिनं टाचणीला स्वयंपाकघरात नेलं. तिथला नळ ठिबकत होता.

नवऱ्याबद्दल ती जे बोलली त्यात एक शब्दही मायेचा नव्हता. कान गेला त्याऐवजी जीभ गेली असती तर बरं झालं असतं, असं म्हणून तिनं भांडी आदळली. कितीतरी महिने तो तिच्याशी धड बोलत नव्हता. दिवसा हाक मारली तर दोनदा मारावी लागे, मग तो खेकसे. रात्र त्याहून वाईट.

"पाठ फिरवून झोपला असता तर मी समजले असते," ती म्हणाली. "हा माझ्याकडे तोंड करून झोपतो. उजव्या कुशीवर, डोळे मिटून. मी बोलत राहते, आणि हा उत्तर देत नाही. झोपलेला नसतो, पापण्या हलताना दिसतात. भिंतीशी बोललेलं बरं. एकदा रडले, तरी ढिम्म."

पूर्वीही असाच होता का, असं टाचणीनं विचारलं. छे, ती म्हणाली. पूर्वी नळाचा एक थेंब पडला तरी उठून बंद करायचा. शेजारच्यांच्या घड्याळावरून भांडून आला होता. मध्यंतरी त्याचं काय बिनसलं देव जाणे. दुसरी कुणी असेल, तो विचारही तिनं करून पाहिला होता. त्या मुंगीचासुद्धा.

टाचणी त्या ठिबकणाऱ्या नळाकडे पाहत होती. मग तिनं आपली मान उजव्या खांद्यावर टेकवून पाहिली, उशीवर टेकवावी तशी. बायकोला वाटलं, ही आपली थट्टा करतेय, आणि तिनं तिला दार दाखवलं.

५

दुसऱ्या दिवशी टाचणीनं डबी घरी जेवणाच्या टेबलावर मांडली. माहितीपत्रक दोनदा वाचलं आणि एक गाणं लावलं. इअरफोन कानात घालायची तिची छाती नव्हती, म्हणून ते तिनं बशीत ठेवले.

बटण शून्यावर ठेवलं तर चकार आवाज नाही. बटण फिरवलं की आवाज येई, पण एक विचित्र गोष्ट होती. डावा इअरफोन चांगला कुजबुजत होता आणि उजवा जेमतेम. तिनं इअरफोन वायरींतून काढून डाव्या-उजव्याची अदलाबदल करून पाहिली. इअरफोन ठीक होते, डबीच आवाज डावीकडे झुकवत होती. पत्रकात त्याची माहिती होती. डबीत दोन कानांतलं माप कमीजास्त करता येतं, आणि ते डबीच्याच पोटात साठून राहतं. ते कुणीतरी डावीकडे पार टोकापर्यंत नेलेलं होतं. पाकिटावर तिघांच्या सह्या होत्या, म्हणजे घटनेनंतर ते बदलणं शक्य नव्हतं.

डाव्या कानावर सगळा मारा करायचा असेल तर कुणी नेमकं हेच करील. मुंगीच्या गळ्यातला फास आणखी आवळला गेला होता.

मग तिनं माप तसंच ठेवून खटका सरकवला.

बशी किंचाळली. दोन्ही इअरफोन टिटवीसारखे ओरडायला लागले आणि आतल्या खोलीतून तिच्या आईनं विचारलं, दाराची बेल वाजतेय का. टाचणीनं आवाज बंद केला नाही. ती बशीवर वाकून एकदा एक इअरफोन उचलत होती, एकदा दुसरा. मग तिनं डबी बनवणाऱ्यांना फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला. उत्तर तिनं माहितीपत्रकाच्या कडेला लिहून घेतलं.

६

तिनं सगळ्यांना कानसेनच्या खोलीतच बोलावलं. तो आपल्या खुर्चीत बसला, धाकटा पाठीशी उभा, बायको दाराजवळ. मुंगी आत येताच कानसेननं विचारलं की आरोपीला बसायला खुर्ची देण्याची कंपनीची पद्धत आहे का. मुंगी उभीच राहिली.

टाचणीनं त्याला तेच जुने प्रश्न पुन्हा विचारले. बटण शून्यावर होतं? होतं. खटका कुठे होता? लाइन आउटवर, हिनं नेला होता, किती वेळा सांगू. इअरफोन दोन्ही कानांत होते?

"मी काय एका कानानं ऐकतो?" तो म्हणाला. "दोन्ही आत होते. दोन्ही ओढून काढले."

मग तिनं डबीचं माप दाखवलं. डावीकडे, टोकापर्यंत. कानसेन पुढे झुकला आणि त्याच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं.

"बघा. डाव्या कानावर नेम धरला होता. आता तरी पटलं?"

धाकट्यानं जोरजोरात मान डोलावली. मुंगी एक पाऊल मागे सरली.

"हे माप मी बदललेलं नाही," टाचणी म्हणाली. "आता सगळ्यांनी ऐका."

तिनं बटण शून्यावर आणलं, खटका लाइन आउटवर नेला, इअरफोन टेबलावर ठेवले आणि गाणं लावलं. ते इवलेसे दोन इअरफोन अशा किंकाळ्या फोडू लागले की बायकोनं कान झाकले. टाचणीनं एकेक उचलून धाकट्याच्या कानाजवळ नेला. डावा किती, उजवा किती, असं विचारलं. धाकट्यानं मान मागे घेतली. मुंगी पुढे आली, ऐकलं, आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "दोन्ही सारखे."

टाचणीनं गाणं थांबवलं. लाइन आउटवर डबी कुणाचंच ऐकत नाही, ती म्हणाली, बनवणाऱ्यांनीही फोनवर तेच सांगितलं. बटणाचं नाही आणि या मापाचंही नाही. दोन्हीकडे सारखाच पूर्ण आवाज जातो. तो तुमच्या दोन्ही कानांत गेला असता तर उजव्यालाही काहीतरी झालं असतं. डॉक्टर म्हणतात, उजव्याला ओरखडाही नाही. बरं, खटका सरकलाच नव्हता असं धरू. मग बटण खरंच शून्यावर होतं, आणि शून्यावर ही डबी मुकी असते.

"तेव्हा तुम्हीच सांगा," ती म्हणाली, "तुमचा कान गेला तो कोणत्या आवाजानं?"

धाकटा म्हणाला की हे सगळे तर्क आहेत, कोर्टात टिकणार नाहीत. टाचणी त्याच्याकडे वळली. तुम्ही आत आलात तेव्हा शुकशुकाट होता, असं तुम्हीच सांगितलंत. गाणं तर चालू होतं, हिनं ते नंतर तुमच्यासमोर थांबवलं. आत्ता ऐकलंत तो आवाज तेव्हा का नव्हता? ती तुमच्याआधी एक पाऊल आत होती. तेवढ्यात खटका फिरवायला तिला चार हात लागले असते.

धाकटा भावाच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाला, "दादा, मी म्हटलं होतं, तिला मध्ये घालू नकोस."

पुढचं मग आपोआप बाहेर आलं. कानसेन खाली मान घालून बोलत होता. कान एका दिवसात गेला नव्हता. आधी बारीक आवाज गेले, मग मोठे. तो डबीतलं डावीकडचं माप वाढवत गेला, एकेक घर, आणि टोक आलं तेव्हा पुढे वाढवायला काही उरलं नाही. डॉक्टरकडे गेला नाही, कारण या धंद्यात बातमी डॉक्टरच्या जिन्यावरूनच पसरते. पाहुण्यांची खुर्ची उजवीकडे आणली. गाणी कलू लागली. मुंगीनं ते ओळखलं, आणि ती तर दुसरीकडे चालली होती. तिथे ती बोलली असती. आजारानं गेलेल्या कानाला विमाही नव्हता. एका दगडात दोन पक्षी, असं त्याला वाटलं. धाकट्याला त्यानं आदल्या दिवशी सांगितलं होतं, आणि धाकट्यानं पाकीट आणि सह्यांची अक्कल लढवली होती.

"तू सरळ करायचीस ती गाणी," तो मुंगीला म्हणाला. "मला न सांगता. त्याचा जास्त राग आला."

मुंगी म्हणाली की हे सगळं बाहेर, माणसांसमोर म्हणा. ज्यांच्यापुढे बोट दाखवलंत त्यांच्यापुढे. तो उठला. दाराबाहेर गेला, जमलेल्या लोकांपुढे उभा राहिला आणि म्हणाला की हिनं काही केलेलं नाही, मी खोटं बोललो. आवाज बारीक होता. मुंगीनं पुन्हा म्हणायला लावलं, मोठ्यानं. तो पुन्हा म्हणाला. त्यानंतर ती आपली पिशवी घेऊन निघून गेली. टाचणीचे आभार तिनं मानले नाहीत. जाता जाता एवढंच विचारलं, "तुम्हालाही मीच वाटले होते ना?"

"कालपर्यंत," टाचणी म्हणाली.

खोलीत कानसेन परत खुर्चीत येऊन बसला. बायको अजून दाराजवळच होती. ती आली ती सरळ त्याच्या डाव्या अंगानं, पण थांबली. खुर्चीला वळसा घालून उजवीकडे गेली आणि वाकली. टाचणीला तिथून निघून जायला हवं होतं, पण वाट अडलेली होती, त्यामुळे तिला ते ऐकावं लागलं.

"बहिरा झालास म्हणून मी सोडलं नसतं," बायको म्हणाली. "रात्र रात्र विचारत होते, माझं काय चुकलं. ऐकू येत नाही, एवढं एकदा सांगितलं असतंस तर आपण उशीची बाजू बदलली असती. त्याऐवजी तू मला रडू दिलंस. मला वाटू दिलंस की मी नकोशी झालेय. आणि आज एका पोरीला तुरुंगात घालायला निघाला होतास. मी घरी जाऊन माझं सामान भरतेय. मागून येऊ नकोस."

ती कुजबुजल्यासारखं बोलली होती, पण त्यातला एकही शब्द त्याच्या कानातून सुटला नाही. तो कान अजून विशीतल्या पोराला लाजवेल असाच होता.